नारळ फोडल्यानंतर

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात शनिवारी संध्याकाळी एका सभासदाने आपल्या नोकरीधंद्याबद्दल बोलायचं, असा प्रघात आहे. एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरने घाटातल्या मुक्कामी गाड्यांचे किस्से सांगितले. कंपाउंडरने डॉक्टरांचं अक्षर कसं लावायचं ते सांगितलं. एका गुरुजींनी एकाच खोलीत चार वर्ग कसे चालवले, ते फळ्यावर आखून दाखवलं. माझी पाळी मात्र टळत होती. पुढारी माणूस, एकदा उभा राहिला की बसायचा नाही, अशी सगळ्यांना धास्ती. शेवटी अध्यक्षांनी वेळेची अट घातली आणि फळ्यावर लिहिलं : 'सार्वजनिक जीवनातील माझे अनुभव'. त्याखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलं, 'चहा भाषणानंतरच'.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. कृष्णा-वारणेचा ऊस मागे पडतो आणि बाभळी, बोरी, मेंढरं सुरू होतात, त्या भागातला. 1992 मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आलो, 1997 मध्ये पुन्हा आलो. मध्ये काही काळ एका विषय समितीचा सभापती होतो. पुढे गट राखीव झाला, मी थांबलो. पद गेलं तरी हाक राहिली. बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत अजून 'सभापती'च म्हणतात. संघातही तेच.

भाषणाची सुरुवात मी बहात्तरच्या दुष्काळापासून केली. आमच्याकडे कुणाच्याही आयुष्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. कॉलेज अर्धवट टाकून गावी आलो होतो. चार अक्षरं येतात म्हणून मला पाझर तलावाच्या कामावर हजेरी मांडायला बसवलं. नाव, बापाचं नाव, अंगठा. खडीचे ढीग मापायचे, आठवड्याचा पगार वाटताना उभं राहायचं. भाकरी मिलोची, पोरांना सुकडी. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात रुजली आणि 26 जानेवारी 1979 पासून काम मागणं हा कायद्याने हक्क झाला. मस्टरवर नाव चढायचं राहिलं तर त्या घरातली चूल पेटत नाही, हे मी त्या वयात बघितलं. त्यामुळे नाव सुटू द्यायचं नाही, एवढाच माझा नेम होता. वीस वर्षांनी मी निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, "त्यो मस्टरवाला नव्हं? देऊ की मत."

आमची 1992 ची निवडणूक फार वर्षांनी झालेली. त्याआधीची जिल्हा परिषदेची निवडणूक 1979 ची. आमच्या जिल्ह्यातले आर. आर. पाटील त्या निवडणुकीत सदस्य झाले. ते 1990 मध्ये आमदार झाले, तरी पुढची निवडणूक लागलेली नव्हती. पाच वर्षांसाठी निवडलेली सभागृहं अशी रेंगाळली होती. त्यामुळे आम्ही आलो तेव्हा लोकांची कामं साठलेली आणि आमचा उत्साहही साठलेला. महिलांसाठी 30 टक्के जागा राखीव होण्याची ती पहिलीच निवडणूक. आमच्यात साखर कारखान्याचे संचालक होते, पैलवान होते, आणि उंबऱ्याबाहेर पहिल्यांदाच पाऊल टाकलेल्या बायकाही होत्या.

मग मी कामं सांगू लागलो. शाळेच्या खोल्या, उपकेंद्रं, वाड्यावस्त्यांचे रस्ते, विंधन विहिरी. हातपंपाबद्दल मी जरा अभिमानाने बोललो. बहात्तरनंतर बोअर मारायची यंत्रं आपल्याकडे आली. सोलापूर आणि जालना इथे तयार झालेले मजबूत पंप चांगले चालले, आणि सोलापूरच्या पंपावरून पुढे 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तो देशभर गेला, परदेशांतही गेला. दुष्काळी मुलखाने जगाला दिलेली ही वस्तू, असं मी म्हटलं. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून भाऊसाहेब उठले. ते निवृत्त ग्रामसेवक. आयुष्यभर आमच्यासारख्यांच्या मागे फाइल घेऊन उभे राहिलेले. आता त्यांना कुणाची भीती नाही.

"सभापती, नारळ फोडल्यालं समदं सांगितलंसा. त्यातलं चालू किती हाय?"

हशा पिकला. मीही हसलो, पण प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवायला घेतली होती, ती त्यांनी खाली ठेवली. पुढचा तास भाषण राहिलं बाजूला, आणि सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला.

सरकारी पैसा बांधायला मिळतो, चालवायला मिळत नाही. हे मी बाहेरून नव्हे, आत बसून बघितलं आहे. टाकी बांधायची तर अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मान्यता होते, प्रशासकीय मान्यता होते, टेंडर निघतं, कार्यारंभ आदेश मिळतो. मार्च जवळ आला की पैसे परत जातील म्हणून रात्री बारापर्यंत बिलं निघतात. या प्रत्येक पायरीवर कुणाचा ना कुणाचा जीव गुंतलेला असतो. टाकी उभी राहिल्यावर मात्र तिच्यात पाणी चढवणारा माणूस, मोटारीचं वीजबिल, फुटलेला व्हॉल्व्ह, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर यांत कुणाचाच जीव गुंतत नाही. दुरुस्तीची कोनशिला कुणी बसवत नाही. 'या मोटारीचं रिवाइंडिंग अमुक यांच्या शुभहस्ते' असा फलक मी आजवर पाहिलेला नाही.

भाऊसाहेबांनी गावाचं नाव न घेता एक योजना सांगितली. मला ती ओळखू आली, तिच्या उद्घाटनाला मी होतो. तलावाखाली विहीर, तिथून पाइपलाइन, माळावर उंच टाकी. हलगी वाजत होती, टाकीला झेंडूच्या माळा होत्या. बायकांनी तोटीखाली ओंजळ धरून पाणी डोळ्यांना लावलं होतं. त्या आनंदात खोटं काहीच नव्हतं. पहिले दोन उन्हाळे पाणी आलंही. मग व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटार जळली. दुरुस्तीला पैसे नव्हते, कारण पाणीपट्टी जमलेली नव्हती. पट्टी का जमली नाही, तर पाणी वेळेवर येत नाही म्हणून लोक देईनात. पाणी वेळेवर का येत नाही, तर पाणी सोडणाऱ्या पोराचा पगार थकलेला, तो दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला जायचा. त्यात वीजबिल थकलं आणि कनेक्शन तुटलं. उन्हाळ्यात गावाला टँकर लागला. माळावर नवी टाकी आणि तिच्या सावलीत टँकरसाठी घागरींची रांग.

"पट्टी मागायला सरपंच का जात नव्हता?" कंडक्टरने विचारलं.

भाऊसाहेब म्हणाले, "जायचा की. पयल्याच घरात ऐकायचा, मत मागाय आलतास तवा पट्टीचं बोलला न्हाईस."

हेच मोठ्या योजनांचंही झालं. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आमच्या भागात आणणाऱ्या म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांसाठी किती मोर्चे निघाले, किती पाणी परिषदा झाल्या. नागनाथअण्णा नायकवडींसारखी माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं झटली. पाणी आलं, माळावर डाळिंब आणि द्राक्षं उभी राहिली. मग प्रश्न आला पंपांच्या वीजबिलाचा. थकबाकीमुळे पंप थांबायचे, टंचाईच्या निधीतून बिल भरलं की पुन्हा सुरू व्हायचे. शेवटी वीजबिलाचा 81 टक्के वाटा शासनाने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असा तोडगा निघाला. धरणाची, कालव्याची चर्चा आम्ही तीस वर्षं केली. बिलाची चर्चा पाणी आल्यावर सुरू झाली.

शाळांचा विषय गुरुजींनी काढला. म्हणाले, "सभापती, तुम्ही खोल्या दिल्या. पण मे महिन्यात तुमच्या दारात कोण असायचं?"

खरं आहे. मे महिन्यात माझ्या ओसरीवर शिक्षकच शिक्षक. नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या तालुक्यात. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाला रस्त्याकडेची शाळा हवी. सदस्याचं वजन त्या काळात बदल्यांवर मोजलं जायचं. पूर्वेकडच्या वस्तीवरच्या शाळेला दोन खोल्या मी मंजूर करून आणल्या, पण तिथे गुरुजी टिकायचे नाहीत. आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीचा अर्ज लिहायचा. खोली बांधली की शाळा झाली, हा समज माझा एकट्याचा नव्हता, सगळ्या सभागृहाचा होता. पुढे 2017 च्या शासन निर्णयानंतर या बदल्या संगणकावर होऊ लागल्या. गुरुजी म्हणाले, "ते बरं झालं. संगणकाला पाहुणेरावळे कळत नाहीत, जात कळत नाही. फक्त त्याच्यापुढे रडता येत नाही, एवढीच अडचण."

यावर एका सभासदाने वेगळाच मुद्दा काढला. ते बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबी गृहस्थ. म्हणाले, "मार्च 2022 ला जिल्हा परिषदांची मुदत संपली, मग पुढची कित्येक वर्षं प्रशासकच होता. काय अडलं? तुम्ही सदस्य लोक नसलात तरी कारभार चाललाच की."

मला हा प्रश्न अपेक्षित होता, कारण तो मी स्वतःलाही विचारलेला आहे. पगार निघाले, टेंडरं निघाली, पत्रांना उत्तरंही गेली. पण वस्तीवरच्या बाईला नळाला पाणी नसेल तर तिने जिल्ह्याच्या गावाला जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? अधिकारी बदलून जातो. सदस्य कुठे जाणार? तो आठवड्याच्या बाजारात सापडतो. त्याच्या गाडीपुढे घागर आपटता येते, त्याच्या मुलाच्या लग्नात त्याला सगळ्यांदेखत विचारता येतं. शेजारच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीने फिरत राहिले. एसटीच्या बाकावर बसलेल्या आमदाराला कुणीही गाठू शकतं. लोकप्रतिनिधी हुशार असलाच पाहिजे असं नाही, पण तो सापडला पाहिजे. योजना बंद पडते तेव्हा तर जास्तच.

बँकवाले म्हणाले, "सापडून तरी काय, तो पुढच्या वर्षी नवी योजना देतो म्हणणार." हेही खरंच होतं. जुनी योजना दुरुस्त करण्यापेक्षा नवी मंजूर करून आणणं सोपं, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. एकाच गावात तीन पिढ्यांच्या टाक्या मी पाहिल्या आहेत. 2003 पासून जलस्वराज्य योजनेत गावाने 10 टक्के लोकवर्गणी भरावी अशी अट आली. गावाने पैसा घातला की गाव योजना सांभाळेल, हा विचार चांगला होता. काही गावांनी तो मनावर घेतला. काही गावांत वर्गणी ठेकेदारानेच भरली आणि गाव होतं तिथेच राहिलं. 2019 मध्ये जल जीवन मिशन आलं. घरोघरी नळ, माणशी दिवसाला 55 लिटर. नळ आले. पण बाजारच्या दिवशी पट्टीची पावती फाडणारा माणूस दिल्लीहून येत नाही.

तो माणूस कसा असतो, हे आमच्यातच बसलेल्या एका बाईंना विचारावं, असं मी म्हणालो. सगळे त्यांना सरपंचबाई म्हणतात. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली, त्यानंतर राखीव झालेल्या पदावर त्या सरपंच झाल्या. पहिलं वर्ष कारभार त्यांच्या मालकांनी केला, हे त्या स्वतःच सांगतात. दुसऱ्या वर्षी गावचं वीज कनेक्शन तुटलं. टँकरवर भांडण झालं, एका सुनेचं डोकं फुटलं. तिला दवाखान्यात नेताना बाईंनी ठरवलं की आता आपणच बघायचं.

त्या बोलायला उभ्या राहिल्या नाहीत, बसूनच सांगितलं. आधी त्यांनी चावडीच्या भिंतीवर थकबाकीदारांची नावं रकमेसह लिहून घेतली. यादीत पहिलं नाव त्यांच्या दिराचं. दुसऱ्या दिवशी पहिला नळ तोडला तोही दिराचाच. घरात तीन महिने त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. मग लोकांनी लाइनला थेट लावलेल्या मोटारी काढायला लावल्या. पट्टी वर्षातून एकदा मार्चमध्ये मागायची पद्धत होती, ती मोडली. मार्चमध्ये कुणाच्या हातात पैसा असतो? शेळी, कोंबडी, अंडी विकून पैसा येतो तो बाजारच्या दिवशी. म्हणून महिन्यातल्या पहिल्या बाजारी शिपाई पावती पुस्तक घेऊन वेशीत बसायचा. जमलेल्या पैशातून आधी पाणी सोडणाऱ्या पोराचा पगार, मग वीजबिल, उरलेलं बाजूला.

उरलेल्या पैशातून त्यांनी जादा मोटार घेतली. गावाने वेड्यात काढलं. चालू मोटार असताना दुसरी कशाला? पंचायतीच्या बैठकीतही सदस्यांनी विरोध केला, त्या पैशात वेशीला कमान होईल म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. वैशाखात जुनी मोटार जळाली. दुपारी जळाली, दिवस मावळायच्या आत नवी बसली. "दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं," त्या म्हणाल्या, "आणि मोटार जळली होती हे निम्म्या गावाला कळलंच नाही."

मला त्यांचं शेवटचं वाक्य फार आवडलं. आमच्या सगळ्या राजकारणात लोकांना कळावं म्हणून काम करायचं असतं. पाणीपुरवठा नीट चालला तर मात्र त्याची बातमी होत नाही. अशा कामाला मतं कशी मिळवायची, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

त्या शनिवारनंतर आमच्या संघातही हाच विषय आला, जरा वेगळ्या रूपात. आमचं विरंगुळा केंद्र एका लोकप्रतिनिधीच्या निधीतून झालेलं आहे. दाराशी संगमरवरी पाटी आहे, तीत माझंही नाव प्रमुख उपस्थितीत आहे. आता दुसऱ्या मजल्यासाठी निधी देऊ, असा निरोप आला. खुर्च्यांवर उत्साह पसरला. वर ग्रंथालय करू, योगवर्ग घेऊ. आमच्या खजिनदार सरपंचबाईच आहेत. त्यांनी वही उघडली. वीजबिल, झाडणाऱ्या मावशींचा पगार, गळका नळ, कॅरमची पावडर, सगळं सभासदांच्या वर्गणीतून जातं आणि महिनाअखेर थोडेच रुपये उरतात. खासदार निधी 1993 मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याचा दंडक कायमस्वरूपी मालमत्तेचा आहे, आमदार निधीचंही तसंच. भिंत मिळेल, पण भिंतीतल्या दिव्याचं बिल त्या निधीतून भरता येत नाही.

"वरचा मजला झाडायचा कुणी? आणि जिना चढायचा कुणी?" बाईंनी विचारलं. गुडघ्यावर पट्टा बांधलेल्या निम्म्या सभेला उत्तर पटकन सुचलं.

ठराव असा झाला की दुसरा मजला नको. त्याऐवजी दाराला उतार, दोन्ही बाजूंना कठडे आणि कमोड असलेलं स्वच्छतागृह द्यावं. हेही कायमस्वरूपी बांधकामच, नियमात बसतं. शिवाय दुरुस्तीसाठी सभासदांनी वेगळी ठेव उभी करायची. पत्राचा मसुदा मी केला. इतकी वर्षं मी मागणीची पत्रं लिहिली, पण कमी मागणारं पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. समोरचे जरा गोंधळले. एवढ्या लहान कामाचं उद्घाटन कसं करायचं, असं त्यांच्या माणसाने फोनवर विचारलं. मी म्हटलं, करा की, आम्ही सगळे उतारावरून चालत येऊ.

अलीकडे आमच्या गटातला एक तरुण संघात आला. जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणतो, आशीर्वाद हवा होता. शिकलेला पोरगा, बोलायला धीट, मोबाइलवर गावोगावच्या कामांची यादी तयार. त्यात मंजूर करून आणायचं ते सगळं होतं. मी त्याला म्हटलं, यादी चांगली आहे. पण गटातल्या प्रत्येक गावात जाऊन आधी तीन कागद बघ. पाणीयोजनेचं शेवटचं वीजबिल, पट्टीची पावती पुस्तकं, आणि मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त. बिल भरलंय का, पावत्या फाटल्यात का, आणि ग्रामसभा खरंच बसली होती की सह्या घरोघर फिरवून घेतल्या, एवढं बघितलंस की गाव कसं आहे ते कळेल. भाषण नंतर कर.

तो सरपंचबाईंकडे वळला. कुणीतरी त्याला त्यांची गोष्ट सांगितलेली असावी.

"मावशी, एवढं करून पुढच्या निवडणुकीत तुम्ही निवडून आलात का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "आरक्षण बदललं, साध्या जागेवर उभी राहिले. पडले. भावकीनं पाडलं."

पोराचा चेहरा उतरला. त्याला हेच विचारायचं होतं आणि उत्तर हवं होतं ते हे नव्हतं. बाईंच्या ते ध्यानात आलं.

"पण आता ऐक. माझ्यामागनं सरपंच झाला त्यानं पयल्या महिन्यात पट्टी बंद करतो म्हणून सांगितलं. त्याच कबुलीवर निवडून आलाता त्यो. बाया चावडीवर गेल्या. म्हणल्या, पट्टी बंद केलीस तर पाणी बंद पडंल, आमाला ठावं हाय. त्याला पुस्तक परत वेशीत बसवावं लागलं. मी नव्हते त्या बायांत. मला कुणी बोलावलंबी न्हवतं."